मोन राज्य, म्यानमार: सोनेरी धोंडा, मौलम्याईन आणि समुद्र. कुणी जाऊन आलंय का?

उनाड_वारा:

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामाने बँकॉकला माझं वरचेवर जाणं होतं. या डिसेंबरात आईलाही नेतोय, आणि काम उरकल्यावर आठवडाभर मोकळा आहे. आईने कुठेसा एक व्हिडिओ पाहिला: डोंगराच्या कड्यावर आता पडेल की मग पडेल असा टेकलेला सोन्याचा धोंडा, त्याच्या डोक्यावर छोटा पॅगोडा. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शोधल्यावर कळलं की ते ठिकाण म्यानमारच्या मोन राज्यात आहे. नकाशात बघितलं तर राज्याच्या एका अंगाला सगळा किनाराच. म्हटलं, देव आईचा, समुद्र माझा.

आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. धोंड्यापर्यंत चढण किती? बीच कुठला चांगला? मोन लोकांचं वेगळं असं काही बघण्यासारखं आहे का, की सगळीकडे पॅगोडेच? आणि तिकडची परिस्थिती सध्या कशी आहे? बातम्यांत अधूनमधून नाव येतं, पण नक्की कळत नाही. जाऊन आलेल्यांनी सांगावं.

खाजणकाठी:

धोंडा जरा बाजूला ठेवा, आधी समुद्राचं सांगते. कारण तुमचा हिशेब तिथेच फसणार आहे.

मोनचा किनारा म्हणजे मार्तबानचं आखात, आता त्याला मोत्तमा म्हणतात. निळं पाणी, पांढरी वाळू, आरामखुर्चीत नारळपाणी, हे सगळं डोक्यातून काढून टाका. थानल्विन (आपल्या शाळेच्या नकाशातली साल्वीन) आणि सितांग या नद्या इतका गाळ आणून ओततात की पाण्याचा रंग टपरीवरच्या चहासारखा. उधाणाला आखाताच्या वरच्या टोकाशी पाणी सहा-सात मीटर चढतं. मुंबईत पाच मीटरची भरती असली की आदल्या दिवशी पेपरात छापून येतं, यावरून काय ते ओळखा. आणि ओहोटीला समुद्र कुठे गेला म्हणून शोधत बसावं लागतं, नजर पोचेल तिथवर चिखल.

मला स्वतःला हे फार आवडलं. मी खाडीकाठची. शिवाय पक्ष्यांचं वेड. २०१७ मध्ये या आखाताला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तिथल्या पक्ष्यांत सगळ्यात नावाजलेला म्हणजे स्पून-बिल्ड सँडपायपर. चिमणीएवढा जीव, चोचीच्या टोकाला चपटा चमचा, अख्ख्या जगात काहीशेच उरलेत आणि त्यातले निम्म्याच्या आसपास हिवाळा याच चिखलावर काढतात. मला दिसला नाही, पण तो जिथे राहतो तो चिखल तरी मनसोक्त बघितला. आमचे हे मात्र तासाभरात कंटाळून चहा शोधायला गेले. तुम्ही यांच्या जातीचे असाल तर विचार करा.

बीच म्हणून जे आहे ते सेत्से. रुंद, करडी-तपकिरी वाळू, सुरूची झाडं, टपऱ्या, टायरच्या ट्यूब भाड्याने. स्थानिक कुटुंबं सगळे कपडे घालून पाण्यात उतरतात. दुपार घालवायला ठीक, त्यासाठी विमानाचं तिकीट काढण्याजोगं नाही.

पण सेत्सेजवळच चाइक्कमी आहे, इंग्रजांच्या काळातलं अ‍ॅमहर्स्ट. तिथला येले पॅगोडा समुद्रातल्या खडकावर आहे आणि तिथे जायला छपराचा पूलवजा रस्ता. सिलोनहून समुद्रात सोडलेली बुद्धमूर्ती तराफ्यावरून वाहत इथे लागली, अशी तिथली कथा. आम्ही पोचलो तेव्हा भरती सुरू झाली होती. खालच्या अंगाच्या पायऱ्या एकेक करून जात होत्या, आणि लोक शेवटच्या कोरड्या पायरीवर फुलं हातात घेऊन उभे. पाणी घोट्याला लागलं की एक पायरी वर, परत उभे. कुणाला घाई नाही, कुणी ओरडत नाही. एक आजी तर पाण्याशी बोलत होत्या, आपण गायीशी बोलतो तशा सुरात. इथे वेळ पंचांग बघून नव्हे, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ठरवायची. ऐन भरतीला खालची वाट पाण्याखाली जाते.

आतल्या गाभाऱ्यात बायकांना प्रवेश नाही. धोंड्यालाही तेच. आईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होईल. धोंड्याला सोन्याचा वर्ख फक्त पुरुष लावतात. बायका कठड्याच्या अलीकडे बसतात, मेणबत्त्या लावतात, आणि वर्ख लावायला घरातल्या पुरुषाच्या हातात देतात. माझा वर्ख यांनी लावला, तोही वाकडा. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावरून २०१६ मध्ये आपल्याकडे केवढं रणकंदन झालं, ते आठवून मी आतल्या आत धुमसत बसले होते. शेजारच्या बाईंनी माझा चेहरा बघून मूठभर भाजलेले शेंगदाणे पुढे केले. खाल्ले.

आता गुडघ्यांचं. जागेचं नाव चाइटियो, उंची साधारण ११०० मीटर. पायथ्याच्या किनपुन गावातून ट्रक सुटतात. ट्रक म्हणजे खरोखरचा ट्रक: मागच्या हौद्यात आडव्या फळ्या, फळीवर माणसं खेटून बसवलेली, गाडी गच्च भरल्याशिवाय हलत नाही. मग वळणावळणांवर असा काही पळवतात की देवाचं नाव आपसूक तोंडी येतं. ड्रायव्हरशेजारच्या केबिनमधल्या जागा थोडे जास्त पैसे देऊन मिळायच्या, आईंसाठी त्याच घ्या. वाटेतल्या थांब्यावरून रोपवेही सुरू झाला होता. ट्रक थांबतो तिथून पुढे चालायचं अंतर बेताचं आहे, आणि बांबूला खुर्ची बांधून चौघांनी खांद्यावरून न्यायचीही सोय असायची. पादत्राणं, अगदी मोजेसुद्धा, आवाराच्या दाराशीच काढायचे. दुपारी फरशी अशी तापते की भक्ती पायांत येते.

सगळे दुपारी वर चढतात आणि संध्याकाळच्या आत उतरतात. शक्य असेल त्याने रात्र वर काढावी. पहाटे भिक्षूंसाठी आणि बुद्धासाठी ताटंच्या ताटं मांडलेली असतात, भात, फळं, धूप, आणि धोंडा धुक्यातून हळूहळू वर येतो.

"सगळीकडे पॅगोडेच का" या प्रश्नाला उत्तर: हो, पण ते बघायची रीत आहे. मोन हे खालच्या ब्रह्मदेशातले फार जुने लोक. बौद्ध धर्माचा थेरवाद पंथ आणि लिपी, दोन्ही बाबतींत बर्मी लोकांनी यांच्याकडून खूप घेतलं. भाषेचं नातं मात्र बर्मीशी नाही, कंबोडियाच्या ख्मेरशी. परंपरा सांगते की पगानच्या अनोरथा या बर्मी राजाने १०५७ मध्ये थातोन जिंकलं आणि तिथले भिक्षू, ग्रंथ, कारागीर उचलून नेले. आजचं थातोन म्हणजे रस्त्यालगतचं साधं गाव, सगळ्या गाड्या तिथून भुर्रकन निघून जातात. मोनांचं नंतरचं मोठं राज्य बगोचं, हंथावडी. पंधराव्या शतकात तिथे शिन सॉबू नावाची राणी स्वतःच्या हक्काने गादीवर बसली. मौलम्याईनपासून जवळ चाइकमरॉला तिने बांधलेला पॅगोडा आहे, आतला बुद्ध मांडी न घालता पाय खाली सोडून बसलाय. गर्दी नाही, फरशा सुंदर, मला चाइटियोपेक्षा तोच आवडला. राणीने बांधलेल्या जागी निदान मनातल्या मनात तरी मला कुणी कठड्याबाहेर बसवत नव्हतं.

मौलम्याईन शहराला दोन दिवस द्या. १८२६ च्या यांदाबोच्या तहाने हा पट्टा इंग्रजांकडे गेला आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्यांचा ब्रह्मदेशातला कारभार इथूनच चालला. सागाची ओंडकी थानल्विनमधून वाहत यायची आणि इथून जहाजात चढायची. आजोबांच्या घरातल्या बर्माटीकच्या कपाटाचं गोत्र या नदीत असण्याची बरीच शक्यता आहे. नदीकाठच्या रस्त्यावर मद्रासी देवळं, सुरती मशीद, चर्चं, चिनी मंदिरं एका रांगेत लागतात. वर डोंगराच्या कण्यावर पॅगोड्यांची ओळ, सगळ्यात उंच चाइथानलान. संध्याकाळी तिथून नदी, पूल आणि समोरचं बेट एकदम दिसतं. त्याच कण्यावर सैंडोन राणीचा लाकडी मठ आहे. ब्रह्मदेशच्या मिंडोन राजाची ही राणी, त्याचा मुलगा थिबा गादीवर आल्यावर, इथे आश्रयाला आली. पुढे थिबा स्वतःच आपल्या रत्नागिरीला कैदेत आला. मराठी माणूस ब्रह्मदेशात गेला की टिळकांमुळे मंडालेला जातो, या मठाकडे कुणी फिरकत नाही. कोरीवकाम खराब होत चाललंय, पण छताखालची नक्षी मान मोडेपर्यंत बघावी अशी.

मोन गावं बघायची तर समोरच्या बिलू च्यून बेटावर. २०१७ पासून पूल आहे, आधी नावेनेच जावं लागे. घराघरात एकेक धंदा: कुणी बांबूच्या टोप्या, कुणी पाटी-पेन्सिली, कुणी लाकडी पाइप आणि हातकाठ्या, कुणी काथ्या. रबर बँडचं घर आम्ही बराच वेळ बघत बसलो. लाकडी दांडके रंगीत चिकात बुडवायचे, उन्हात वाळवायचे, मग दांडक्यावरची नळी सोलून काढायची आणि चकत्या पाडायच्या. अंगणभर लाल-पिवळे दांडके उभे. एक पोरगी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर ठेवून न बघता चकत्या पाडत होती.

मुडॉनजवळचा १८० मीटर लांबीचा निजलेला बुद्ध सगळे सांगतील. आत मजल्यामागून मजले नरकाचे देखावे, प्लास्टरमध्ये करवतीने चिरलेली माणसं वगैरे. रस्त्याच्या कडेला चालणाऱ्या भिक्षूंचे पाचशे पुतळे तेवढे छान. बाकी सोडलं तरी चालेल.

शाकाहाराचं अवघड. ङापी, म्हणजे मासळी कुजवून केलेला गोळा, भाजीतही असतो. चहाच्या पानांच्या कोशिंबिरीवर सुकट भुरभुरलेली असते. आधार चहाच्या दुकानांचा: पलाता, म्हणजे आपला पराठाच, उकडलेल्या वाटाण्यांबरोबर. आईंना सकाळ-संध्याकाळ तेच द्या.

हे सगळं कोविडच्या आधीच्या हिवाळ्यातलं. "सध्या कशी आहे" या प्रश्नाचं माझं उत्तर एका वाक्यात: आत्ता आईंना घेऊन जाऊ नका.

तिरकस_तात्या:

खाजणकाठींनी शेवटच्या वाक्यात जे उरकलं ते जरा पसरून सांगतो.

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली आणि तेव्हापासून देशभर यादवी आहे. मोन राज्य यातून सुटलेलं नाही. न्यू मोन स्टेट पार्टी या मोनांच्या सशस्त्र संघटनेने १९९५ मध्ये लष्कराशी शस्त्रसंधी केली होती म्हणून बरीच वर्षं तिथे तुलनेने शांत होतं. २०२४ मध्ये त्यातलाच एक गट फुटून लष्कराविरुद्ध उतरला. करेन या दुसऱ्या जमातीच्या सशस्त्र संघटनांचा जोर असलेला भाग चाइटो-थातोनला लागूनच आहे, आणि यांगूनहून मौलम्याईनला जाणारा महामार्ग तिथूनच जातो. म्हणजे धोंड्याला जायचा रस्ताच नेमका भानगडीचा.

दुसरं, प्रवासविमा. पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा, युद्ध आणि अंतर्गत संघर्ष बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. आईचा पाय मुरगळला तरी कंपनी "संघर्षक्षेत्र" म्हणून हात वर करू शकते. तिसरं, सरकारी सूचना. परराष्ट्र मंत्रालय आणि यांगूनची वकिलात काय म्हणते ते निघायच्या आठवड्यात बघा, धाग्यावरचा शहाणपणा तोवर शिळा होतो, माझा धरून.

व्हिसा मिळतो म्हणून देश सुरक्षित, असं समीकरण मांडू नका. टूरवाले तेच मांडतात.

उनाड_वारा:

खाजणकाठी ताई, काय लिहिलंय! आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बायकांना हात लावू देत नाहीत तर मी एवढ्या लांब कशाला मरायला जाऊ?" म्हणजे अर्धा प्रश्न तिनेच निकालात काढला. तात्या, विम्याचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद.

पण आता तिला मोन लोकांबद्दल उत्सुकता लागलीय. थायलंडमध्येच काही बघण्यासारखं आहे का?

रूळ_मोजणारा:

थायलंडच्या आधी मोन राज्यातलं थानब्यूझायात हे गाव सांगायचं राहिलं म्हणून लिहितो, कारण दोन्हीकडचा धागा एकच आहे.

जपान्यांनी १९४२-४३ मध्ये बांधलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचं हे ब्रह्मदेशातलं टोक. एकूण लांबी ४१५ किलोमीटर, ऑक्टोबर १९४३ मध्ये दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. तिथल्या युद्धस्मशानात दोस्तराष्ट्रांच्या ३,७०० हून अधिक सैनिकांची थडगी आहेत, हिरवळ कातरलेली, नावं कोरलेली. पण या लाइनीवर मेलेल्यांत सर्वाधिक होते आशियाई मजूर: बर्मी, मोन, मलायातल्या रबराच्या मळ्यांतून आणलेले तमिळ. त्यांच्या आकड्यांचे अंदाजच आहेत, कित्येक हजारांत. थडगी नाहीत. मलायातली तमिळ कुटुंबं तिथे अशी संपली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. तुम्ही आता जाणार नाही आहात, पण याच लाइनीचा थायलंडमधला भाग कांचनाबुरीला बघता येतो. तिथे क्वाई नदीवरच्या पुलावरून आजही गाडी जाते.

सोई_नंबर_सतरा:

बँकॉककर इथे. मी थायलंडपुरतंच सांगते.

सोपं आणि गुडघ्यांना झेपणारं: को क्रेत. नोंथाबुरीत चाओ फ्रायाच्या वळणावरचं बेट. १७२२ मध्ये वळणाला छेद देणारा कालवा खणला आणि मधला तुकडा सुटा झाला. ब्रह्मदेशातून निसटून आलेले मोन इथे वसले. वात सनाम नुआ या देवळापासून नावेने दोन-तीन मिनिटं. नावेतून उतरल्याबरोबर काठाला कललेला पांढरा चेदी, म्हणजे थाई स्तूप, दिसतो. वाटा सपाट आहेत, फक्त सायकलवाल्यांकडे लक्ष ठेवा. इथली तांबडी, नक्षी कोरलेली, विना-चकाकीची मडकी मोन कुंभारांची खास. चाकावर बसलेले म्हातारे अजून दिसतात.

खाण्यात खाओ चे: सुगंधी थंड पाण्यातला भात, बरोबर तळलेले-गोडसर पदार्थ. मुळात मोनांचा, नव्या वर्षाच्या उन्हाळ्यातला, पुढे थाई राजवाड्यात गेला. त्यातल्या गोळ्यांत कोळंबीची पेस्ट असते, आईंना फक्त भात आणि मुळ्याचं लोणचं सांगा. फुलांची भजी मात्र खाऊ द्या, पण तेल आणि पिठात काही मिसळलंय का ते विचारून.

वेळ असेल तर सांग्खलाबुरी. कांचनाबुरीच्याही पुढे, ब्रह्मदेशाच्या सीमेला टेकलेलं. लांब लाकडी पूल, त्याला मोन पूल म्हणतात, पलीकडे मोन वस्ती. २०१३ च्या पुरात मधला भाग वाहून गेला होता, नंतर दुरुस्त केला. १९८४ च्या धरणात जुनं गाव आणि देऊळ बुडालं, पाणी उतरलं की नावेतून देवळाच्या भिंतींपर्यंत जाता येतं. गावाने हलून बांधलेल्या देवळाजवळचा चेदी बोधगयेच्या मंदिरावर बेतलेला आहे. आईंना ओळखीचं वाटेल.

सकाळी भिक्षू पूल ओलांडून येतात. बायका मोन पद्धतीने भाताचं भांडं डोक्यावर तोलत आणतात, गालांवर थनाका, म्हणजे झाडाच्या सालीचा लेप. हल्ली पर्यटकांना भाडोत्री लुंगी नेसवून फोटो काढायचा बाजार झालाय, त्याकडे काणाडोळा करा. पूल उताराचा नाही, पण फळ्या सैल असतात, काठी न्या.

खाजणकाठी:

सांग्खलाबुरी! माझ्या यादीत कधीचं पडून आहे. उनाड वारा, आईंची तयारी असेल तर हेच करा. एक जोडते: बसचा प्रवास लांबचा आणि पुढचा रस्ता घाटाचा आहे, म्हणून कांचनाबुरीत एक मुक्काम टाका. रेल्वेचा पूलही होईल आणि आईंची पाठही धरणार नाही. आणि सोई नंबर सतरा, डिसेंबरात धरणाचं पाणी भरलेलं असतं ना? मग बुडालेलं देऊळ दिसेल का?

सोई_नंबर_सतरा:

बरोबर ओळखलंत. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं, डिसेंबरात घंटाघराच्या वरचा भाग दिसला तर दिसला. भिंतींपर्यंत उतरायचं तर मार्च-एप्रिल हवा, पण तेव्हा ऊन भाजून काढतं. आईंबरोबर डिसेंबरच बरा. पहाटे तिथे चांगलीच थंडी असते, स्वेटर आणि पायमोजे घ्यायला सांगा. मोजे पुलावर चालतात, देवळाच्या दाराशी काढा.

उनाड_वारा:

ठरलं. को क्रेतला एक दिवस, मग कांचनाबुरीत मुक्काम आणि सांग्खलाबुरी. आईने स्वेटर काढूनही ठेवला. तिचा एकच प्रश्न आहे: त्या बोधगयेसारख्या चेदीत बायकांना आत सोडतात ना?

सोई_नंबर_सतरा:

आवारात काही अडचण नाही, मी स्वतः प्रदक्षिणा घातलीय. फक्त एका जिन्यापाशी बायकांसाठी मनाईची पाटी होती. आईंनी ती वाचलीच पाहिजे असं नाही, थाईत आहे.